गोठलेल्या पेशी जाग्या करताना

पोलादपूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांबरोबर आम्ही दोन दिवस होतो. विषय होता उष्णता आणि अवस्थांतर. बर्फात मीठ घालून तापमापीचा पारा शून्याखाली नेणे, मेणाचा विलयबिंदू काढणे, असे नेहमीचेच प्रयोग. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एका सरांनी पिशवीतून एक गुळगुळीत, रंगीत पत्रक काढून आमच्यापुढे ठेवले. त्यांच्या सुनेचे बाळंतपण महाडला व्हायचे होते. बाळाच्या नाळेतले रक्त गोठवून वर्षानुवर्षे सांभाळून ठेवू, पुढे आजारपणात ते बाळाच्या उपयोगी पडेल, असे पत्रकात लिहिले होते. रक्कम सरांच्या काही महिन्यांच्या पगाराइतकी होती, अर्थात हप्त्यांची सोय होती.

सर म्हणाले, "गोठवतील हे मान्य. पण वीस वर्षांनी ते वितळवायची वेळ आली, तर आत काय शिल्लक असेल? आमची सौ. फ्रीजरमधले मटार बाहेर काढते तेव्हा ते कसे होतात, ते मला माहीत आहे."

त्यांना पटेल असे उत्तर आमच्याकडे त्या वेळी नव्हते. योगायोग असा, की त्याच दुपारी मुलांना घेऊन आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दुधाच्या किटलीसारखे दिसणारे, अरुंद मानेचे भांडे उघडले. पांढरा धूर जमिनीवर उतरला. द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश सेल्सियस. चिमट्याने त्यांनी एक बारीक प्लॅस्टिकची कांडी उचलली, क्षणभर झटकली आणि शेजारच्या थर्मासमधल्या कोमट पाण्यात बुडवली. पाण्यात तापमापी होती, डॉक्टरांची नजर घड्याळाच्या काट्यावर. "सदतीस अंश, तीस सेकंद," ते म्हणाले. कांडी पुसून कोरडी केली, टोक कापले, नळीत बसवली आणि गाईचे कृत्रिम रेतन झाले. दहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, एवढी घाई कशाला? हळूहळू वितळू दिले तर त्यांना जास्त बरे वाटणार नाही का?" डॉक्टर हसले. "हळू केले की मरतात," एवढेच म्हणून ते दुसऱ्या गाईकडे वळले.

सरांचा प्रश्न आणि त्या मुलीचा प्रश्न एकच आहे, हे परतीच्या एसटीत आमच्या लक्षात आले. त्याचे उत्तर शोधायला पाऊणशे वर्षे मागे जावे लागते.

बर्फ मारतो म्हणजे नेमके काय करतो

थंडीने जीव थांबतो आणि उबेने पुन्हा चालू होतो, ही कल्पना जुनीच आहे. इटलीतल्या लाझारो स्पालानझानी यांनी अठराव्या शतकात शुक्राणू बर्फात थंड करून त्यांची हालचाल थांबलेली आणि उबेत पुन्हा सुरू झालेली पाहिली होती. पण थंड करणे वेगळे आणि गोठवणे वेगळे. पाण्याचा बर्फ झाला की बहुतेक पेशी मरत. वर्गात आपण याचे कारण सहज सांगतो: बर्फाचे स्फटिक टोकदार असतात, ते पेशी फाडतात. हे खोटे नाही, पण अर्धेच आहे.

उरलेले अर्धे शाळेबाहेरच्या टपरीवर मिळते. प्लॅस्टिकच्या नळीत गोठवलेले रंगीत गोड पाणी, ज्याला मुले 'पेप्सी' म्हणतात, ती चोखताना काय होते? पहिल्या काही घोटांत सगळी साखर आणि सगळा रंग तोंडात येतो आणि शेवटी हातात उरतो तो पांढराफटक, बेचव बर्फ. गोठताना पाण्याचे रेणू आपल्या जाळीत दुसऱ्या कोणाला सहसा शिरू देत नाहीत. साखर, रंग, मीठ हे सगळे न गोठलेल्या उरल्यासुरल्या पाण्यात ढकलले जाते. कोकम सरबताची बाटली फ्रीजरमध्ये ठेवून हे कोणालाही पाहता येईल.

पेशींभोवतीच्या पाण्यात सुमारे ०.९ टक्के मीठ असते. असे पाणी उणे १० अंशांपर्यंत नेले, तर बर्फाच्या स्फटिकांमधल्या बारीक पाटांत उरलेल्या पाण्याची संहती मूळच्या जवळजवळ १८ पट होते. पेशी त्या पाटांत अडकलेली असते. परासरणाने तिच्यातले पाणी बाहेर खेचले जाते, ती आक्रसते, तिचे पटल मिठाने बिघडते. म्हणजे पेशी नुसती गोठून मरत नाही, ती खारवली जाते. वाळत घातलेल्या सुक्या मासळीची आठवण यावी असा हा प्रकार आहे. १९५३ मध्ये जेम्स लव्हलॉक यांनी तांबड्या रक्तपेशींवर हे दाखवून दिले. पृथ्वी ही स्वतःला सांभाळणारी एक व्यवस्था आहे, हा 'गाया' विचार पुढे मांडणारे लव्हलॉक ते हेच.

चुकीच्या बाटलीची गोष्ट

लव्हलॉक ज्या संस्थेत काम करत, त्या लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत थोडे आधी एक मजेशीर प्रकार घडला होता. ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स हे तिघे कोंबड्याचे शुक्राणू गोठवण्याच्या खटपटीत होते. फळांतली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, घालून पाहिली, जमले नाही. काही महिन्यांनी शीतगृहातून तीच बाटली काढून पुन्हा प्रयोग केला आणि या वेळी वितळवल्यावर शुक्राणू चक्क हालचाल करू लागले. नवे द्रावण बनवले, तर पुन्हा अपयश. मग बाटलीत उरलेल्या थोड्याशा द्रावणाचे रासायनिक पृथक्करण करून घेतले. त्यात साखर नव्हतीच. होते ग्लिसरॉल आणि अंड्यातले प्रथिन. सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर ऊतींचे काप चिकटवण्याचे हे मिश्रण. शीतगृहात बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती.

हा शोध १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. आम्हाला यातला योगायोगाचा भाग फारसा महत्त्वाचा वाटत नाही. नव्या द्रावणाने साथ दिली नाही तेव्हा जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेले थेंब फेकून न देता तपासायला पाठवणे, हे खरे काम. प्रयोगवहीत 'उत्तर चुकले' म्हणून खोडून टाकणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

ग्लिसरॉल करते काय? ते पेशीच्या आत शिरते आणि पाण्याशी इतके मिसळते की बर्फ कमी बनतो. बर्फ कमी, म्हणून उरलेले पाणी जास्त, म्हणून मिठाची संहती कमी. १९५० मध्ये स्मिथ यांनी तांबड्या रक्तपेशी अशा वाचवल्या आणि १९५१ मध्ये गोठवलेल्या वीर्यापासून पहिले वासरू जन्माला आले. १९५९ मध्ये लव्हलॉक आणि बिशप यांनी ग्लिसरॉलपेक्षा लवकर पेशीत शिरणारा पदार्थ सुचवला: डायमिथाइल सल्फॉक्साइड, प्रयोगशाळेच्या बोलीत डीएमएसओ. गुरांच्या कांडीत आजही ग्लिसरॉल आहे. रक्ताच्या मूलपेशी मात्र डीएमएसओमध्ये गोठवल्या जातात.

महाराष्ट्रात हे तंत्र इस्पितळांच्या कितीतरी आधी गोठ्यात पोचले. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या 'बाएफ'ने आणि सरकारी पशुसंवर्धन खात्याने संकरित गाईंसाठी गोठित रेतमात्रा खेडोपाडी नेल्या. आज सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीतल्या शेतकऱ्याला विचारा, तो 'कांडी भरली' असे सहज म्हणेल. अतिशीत जीवशास्त्र हा शब्द त्याने ऐकलेला नसेल, पण ते त्याच्या दारातून येऊन गेलेले असते.

घाई कधी आणि कशाची

आता त्या मुलीचा प्रश्न. अमेरिकेतल्या ओक रिज इथल्या पीटर मेझर यांनी १९६३ पासून गोठवण्याच्या वेगाचे गणित मांडले आणि १९७२ मध्ये सहकाऱ्यांसह ते प्रयोगाने पक्के केले. फार सावकाश थंड केले तर पेशी बराच वेळ खाऱ्या पाण्यात राहते आणि त्यानेच मरते. फार झटपट थंड केले तर पेशीतले पाणी बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि आतच बर्फ होतो. मधे कुठेतरी योग्य वेग असतो, तो प्रत्येक पेशीचा वेगळा. संरक्षक द्रव्य नसताना तांबड्या पेशींना मिनिटाला हजारो अंशांचा वेग मानवतो. डीएमएसओतल्या रक्ताच्या मूलपेशींना मिनिटाला साधारण १ अंश.

गोठवताना सावकाश, तर वितळवताना घाई का? कितीही काळजी घेतली तरी काही पेशींच्या आत बर्फाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते इतके लहान असतात की इजा करत नाहीत. पण तापमान हळूहळू चढू लागले की लहान कण विरून मोठ्या कणांवर जमा होतात, मोठे आणखी मोठे होतात. भारनियमनात अर्धवट वितळून पुन्हा गोठलेली कुल्फी खरखरीत लागते, ती याचमुळे. हा धोक्याचा पट्टा पटकन ओलांडायचा, म्हणून कोमट पाणी आणि घड्याळ. नाहीतर जी पेशी गोठताना वाचली तीच वितळताना मरते. कांडी मुठीत धरून किंवा खिशात ठेवून वितळवू नये, हा पशुवैद्यकातला नियम यातूनच आला आहे.

पण 'वितळवणे नेहमी घाईनेच' असे सूत्र फळ्यावर लिहू नये. १९७२ मध्येच उंदराचे गर्भ पहिल्यांदा गोठवून जगवले गेले, तेव्हा ते फार सावकाश थंड केलेले होते, जवळजवळ पूर्ण निर्जलित झालेले. त्यांना वितळवणेही सावकाशच लागले. झटपट केले तर ते मरत. कसे गोठवले त्यावर कसे वितळवायचे हे ठरते. दोन्ही मिळून एकच प्रक्रिया आहे.

आपल्या देशात या दोन्ही टोकांचा मेळ फार लवकर घातला तो कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी. त्यांनी मानवी गर्भ डीएमएसओमध्ये गोठवून, वितळवून रोपण केले आणि ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये मुखर्जींनी आयुष्य संपवले. १९८६ मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हाती जन्मलेल्या मुलीमागचे शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखर्जींची कागदपत्रे वाचली आणि पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे, हे १९९७ मध्ये स्वतः जाहीर केले. विज्ञानात असे उदाहरण दुर्मिळ आहे.

पॅरिसमधली पिशवी

नाळेतल्या रक्तात रक्त घडवणाऱ्या पेशी असतात, हे १९७४ पासून माहीत होते. तरी बाळंतपणानंतर वार आणि नाळ टाकूनच दिली जात असे. अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या एका मुलाला फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक आजार होता. त्याची अस्थिमज्जा हळूहळू निकामी होत होती. आईच्या पोटातली त्याची बहीण निरोगी आहे आणि ऊतींनी त्याच्याशी जुळते, हे जन्माआधीच्या तपासणीत कळले. तिच्या जन्माच्या वेळी नाळेचे रक्त गोळा केले गेले आणि इंडियानापोलिसमध्ये हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत गोठवले गेले. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या एलियान ग्लुकमन यांना या आजाराच्या नाजूक रुग्णांना प्रत्यारोपणासाठी तयार करण्याचा अनुभव होता, म्हणून नायट्रोजनच्या भांड्यातून ते रक्त तिकडे गेले. ६ ऑक्टोबर १९८८ रोजी ते वितळवून मुलाला देण्यात आले. मुलगा बरा झाला, मोठा झाला.

त्या दिवसाचा एक निर्णय आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. वितळवलेल्या रक्तात डीएमएसओ असतो, फुटलेल्या तांबड्या पेशींचा गाळ असतो. स्वच्छतेची सवय असलेला कोणीही म्हणेल, धुऊन घ्या. ब्रॉक्समायर यांच्या गटाने आधी नमुन्यांवर तपासले होते. धुताना, गाळताना, वेगवेगळे करताना प्रत्येक पायरीला मूलपेशी मोठ्या प्रमाणात नष्ट होत होत्या. म्हणून त्यांनी काहीच न करता वितळवले तसे रक्त द्यायचे ठरवले. त्यांच्या १९८९ च्या निबंधात ही गोष्ट स्पष्ट नोंदलेली आहे. ताजे रक्त फ्रीजमध्ये किंवा खोलीच्या तापमानाला तीन दिवस राहिले तरी मूलपेशी टिकतात, हेही त्यात होते. महाड किंवा पोलादपूरहून दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत रक्त पाठवण्याचा विचार करता येतो, तो या सवलतीच्या जोरावर.

मग धुण्याने पेशी का मरत होत्या? याचा उलगडा १९९५ मध्ये न्यूयॉर्क रक्त केंद्रातल्या पाब्लो रुबिनस्टाइन यांच्या गटाच्या कामातून झाला. गणित सोपे आहे, आठवी-नववीच्या मुलांनाही जमेल. शंभर मिलिलिटर द्रावणात दहा मिलिलिटर डीएमएसओ, म्हणजे लिटरला साधारण ११० ग्रॅम. रेणुभार ७८. म्हणजे लिटरला १.४ मोल. रक्तातल्या सगळ्या विरघळलेल्या कणांची बेरीज मात्र लिटरला ०.३ मोलच्या आसपास. वितळलेल्या पेशीच्या आत नेहमीच्या पाचपट दाट द्रावण बसलेले असते. अशी पेशी एकदम साध्या सलाइनमध्ये टाकली, तर डीएमएसओ बाहेर पडण्याआधी पाणी आत धावते. पेशी फुगते आणि फुटते. थंडीतून सुटलेली पेशी पाण्याने मेली.

हे वर्गात दाखवता येते. अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये विरघळवा. अशी दोन अंडी साखरेच्या दाट पाकात एक दिवस ठेवा, ती आक्रसतात. एक अंडे थेट साध्या पाण्यात टाका, दुसरे आधी पातळ पाकात, मग आणखी पातळ पाकात आणि शेवटी पाण्यात. दर तासाला दोन्ही तोलून वजनाचा आलेख काढा. आलेखाचा चढ किती वेगळा येतो ते पाहा. पाकातली साखर अंड्यात जवळजवळ शिरत नाही आणि डीएमएसओ पेशीत शिरतो, हा फरक मात्र मुलांना सांगायला हवा.

रुबिनस्टाइन यांच्या गटाने केले ते असेच. वितळलेल्या रक्तात डेक्स्ट्रान आणि अल्ब्युमिन असलेले द्रावण, रक्ताइतक्याच आकारमानाचे, सावकाश मिसळायचे. डेक्स्ट्रानचे मोठे रेणू पेशीबाहेर राहून पाण्याचा ओढा थोपवतात आणि तेवढ्यात डीएमएसओ बाहेर पडतो. मग हवे तर अपकेंद्री यंत्रात फिरवून धुवायचे. धुणे वाईट नव्हते, धुण्याची रीत वाईट होती. पुढे जगभर हीच पद्धत किंवा तिची रूपे रूढ झाली. काही ठिकाणी नुसते पातळ करून देतात, फिरवत नाहीत.

हाताची कामे

पाठ्यपुस्तकात न येणाऱ्या काही गोष्टी इथे सांगायला हव्यात, कारण पेशींचे नशीब बरेचदा त्यांवर ठरते. नायट्रोजनमध्ये प्लॅस्टिकची पिशवी काचेसारखी ठिसूळ होते. म्हणून ती धातूच्या चपट्या डबीत ठेवतात. वितळवताना ती दुसऱ्या निर्जंतुक पिशवीत घालून मगच ३७ अंशांच्या पाण्यात धरतात, म्हणजे चीर गेलीच तर रक्त पाण्यात जाणार नाही. पिशवी हलक्या हाताने हलवत राहायचे आणि आत थोडा चुरा बर्फ उरला असतानाच बाहेर काढायची, कारण उबेत डीएमएसओ जास्त विषारी ठरतो. घाई बर्फ वितळेपर्यंत. त्यानंतर सगळे सावकाश.

आणखी एक अडचण चिकटपणाची. नाळेच्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी गोठणे सोसत नाहीत. त्या फुटल्या की त्यांचा डीएनए बाहेर येऊन पाकाच्या तारेसारखा चिकट होतो आणि चांगल्या मूलपेशी त्यात गुंतून गुठळ्या होतात. कांद्याचा किंवा केळ्याचा डीएनए काढण्याचा प्रयोग ज्यांनी केला आहे, त्यांना या तारा ओळखीच्या वाटतील. सायट्रेट घालून, कधी डीएनए तोडणारे विकर घालून हा त्रास कमी करतात.

साठवणही बेफिकिरीची नाही. शेजारची पिशवी काढताना आपली पिशवीही क्षणभर वर येते, थोडी गरम होते, पुन्हा थंड होते. असे वारंवार झाले तर नुकसान साचत जाते. गुरांचे डॉक्टरही कांड्यांचा डबा भांड्याच्या मानेपर्यंत उचलून शोधत बसत नाहीत. नायट्रोजनच्या भांड्याला वीज लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचे पाणी महाडात शिरले, तळियेवर दरड कोसळली, वीज आणि रस्ते दोन्ही गेले. अशा दिवसांत फ्रीज लगेच उबदार होतो, नायट्रोजनचे भांडे तग धरून राहते. पण नायट्रोजन रोज थोडा उडून जातोच आणि तो भरायला गाडी यावी लागते. रस्ता बंद म्हणजे मुदत चालू.

जिवंत म्हणजे किती जिवंत

वितळलेल्या पेशी जिवंत आहेत का, हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे ट्रायपॅन ब्लू हा रंग. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. पण हा रंग फार लवकर निकाल देतो. वितळल्यावर लगेच शाबूत दिसणाऱ्या काही पेशी पुढच्या काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत स्वतःच मरतात. गोठण्याच्या धक्क्याने त्यांच्यात नियोजित मरणाची यंत्रणा सुरू झालेली असते. म्हणून खरी परीक्षा असते ती पेशी पोषक माध्यमात ठेवून सुमारे दोन आठवड्यांनी किती वसाहती वाढल्या ते मोजण्याची.

या प्रश्नावर चांगले काम आपल्याकडे, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात झाले. ललिता लिमये आणि वैजयंती काळे यांनी रक्त घडवणाऱ्या मानवी पेशींच्या नेहमीच्या गोठवण्याच्या द्रावणात आणखी काही पदार्थ घालून पाहिले; त्यांचा निबंध २००१ मध्ये आला. विचार असा: गोठण्या-वितळण्यात पेशीत मुक्त मूलके आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन पटलाची नासधूस होते. तर पेरॉक्साइड फोडणारे कॅटालेज विकर घालावे आणि पटलाला आधार म्हणून ट्रेहॅलोज ही साखर घालावी. उन्हात कोरडे ठणठणीत होऊन पाण्याने पुन्हा जगणाऱ्या कितीतरी जीवांत ही साखर सापडते. (कॅटालेज बटाट्यातही असते, बटाट्याच्या कापावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की फेस येतो, तो त्याचाच.)

२००३ आणि २००५ मधल्या त्यांच्या गटाच्या निबंधांत दिसले, की या जोडीने पेशींचे नियोजित मरण कमी होते. त्याहून महत्त्वाचे, पेशींच्या पृष्ठभागावरचे रेणू आणि त्यांची सरकण्याची, चिकटण्याची क्षमता चांगली राहते. हे का महत्त्वाचे? प्रत्यारोपणात पेशी हाडात टोचत नाहीत, शिरेतून देतात. त्यांनी रक्तातून वाट काढत अस्थिमज्जा शोधायची आणि तिथे चिकटायचे असते. वितळलेली पेशी जिवंत असली पण वाट विसरली, तर रुग्णाच्या दृष्टीने ती मेल्यातच जमा.

सरांच्या पत्रकाकडे परत

वीस वर्षांनी काय शिल्लक राहील, याला आता थेट उत्तर आहे. ब्रॉक्समायर यांच्या गटाने २७ वर्षे गोठवून ठेवलेल्या नाळरक्तातून काम करणाऱ्या मूलपेशी परत मिळवल्याचा निबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रॉक्समायर स्वतः २०२१ मध्ये वारले होते. तेव्हा काळाची भीती फारशी नाही. उणे १९६ अंशांना रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. भीती आहे ती पहिल्या दीड तासाची आणि शेवटच्या अर्ध्या तासाची.

आणि भीती आहे मोजणीची. गोठवण्यापूर्वीच्या मोजणीप्रमाणे रुग्णाच्या दर किलो वजनाला किमान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी असाव्यात असा एक रूढ निकष आहे. एका चांगल्या पिशवीत १०० कोटी पेशी धरल्या, तर त्या ४० किलोच्या रुग्णाला पुरतात. हाताळणीत पाचवा भाग नेहमीपेक्षा जास्त वाया गेला, तर दर किलोला दोन कोटीच पडतात. दुसरी पिशवी नसते. अस्थिमज्जेच्या दात्याकडे पुन्हा जाता येते, नाळेकडे परत जाता येत नाही.

मात्र सरांच्या बाबतीत याहून मोठा प्रश्न वितळवण्याच्या आधीचा होता. बाळाला पुढे थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार निघाला, तर तोच दोष त्याच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींतही असणार. पॅरिसच्या मुलाला बहिणीचे रक्त दिले होते, स्वतःचे नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळरक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनेही २०१८ मध्ये असेच मत दिले. घरात आधीच अशा आजाराचे मूल असेल तर गोष्ट वेगळी. सर्वांसाठी खुल्या असलेल्या पेढीला दान देणे हेही वेगळे. पण अशा पेढ्या आपल्याकडे फार थोड्या आणि महाडपासून दूर. शिवाय अर्ध्या जुळणाऱ्या नातलगांकडून मूलपेशी घेण्याच्या नव्या पद्धतींमुळे गेल्या दहा-बारा वर्षांत नाळरक्ताची गरजच कमी झाली आहे.

हे सगळे आम्ही सरांना पत्राने कळवले. त्यांनी कंपनीच्या माणसाला तीन प्रश्न विचारले: वितळवताना तुमची रीत कोणती, वितळवल्यावर वसाहती मोजता का, आणि आजवर किती पिशव्या खरोखर रुग्णांसाठी बाहेर काढल्या? उत्तरादाखल त्यांना आणखी एक रंगीत पत्रक मिळाले.

पावसाळ्यात महाडला नात झाली. बाळंतपणाआधी सुनेचे हिमोग्लोबिन कमी होते. बाळ जन्मल्यावर किमान एक मिनिट तरी नाळ बांधू नये, तेवढ्या वेळात वारेतले बरेचसे रक्त बाळाकडे जाते आणि पुढच्या काही महिन्यांचा लोहाचा साठा वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळा करण्यासाठी नाळ लवकर बांधली, तर ते रक्त पिशवीत जाते. सरांनी डॉक्टरीणबाईंना हे आधीच विचारून ठेवले होते. नाळ स्पंदायची थांबल्यावरच बांधली, असे त्यांनी आम्हाला कळवले. आणि पोलादपूरच्या त्या मुलीने अंड्यांचा प्रयोग तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडला. पाकातून थेट पाण्यात टाकलेले तिचे अंडे उद्घाटनाच्या आदल्या रात्री फुटले, म्हणून तिने फुटलेले अंडेच बशीत ठेवले होते, वजनाच्या तक्त्यासह.